गाडीचं दार वाजतं तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम उरकलं असेल तर निवांत बसून ऐका. उरकलं नसेल तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आपला रेडिओ त्यासाठीच आहे.

आज आम्ही गाडीच्या दाराबद्दल बोलणार आहोत. गाडीचं दार थरथरतं, वाजतं, आणि त्यामुळे गाडीतल्या रेडिओचा आवाज फाटतो. ते कसं थांबवायचं, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, हा विषय आमचा कसा? हे तर गाडीत मोठ्याने गाणी लावून फिरणाऱ्या पोरांचं काम. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण या दाराने आमच्या एका अक्कांची दवाखान्याची वेळ चुकवली, आमच्या बैठकीत दोन तट पाडले आणि शेवटी आम्हाला बरंच शिकवलं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमच्या अकरा गटांनी मिळून एक जुनी सात सीटांची व्हॅन घेतली आहे. सांगोल्याच्या बाजाराला भाजी, शेवया, पापड पोचवायचे, बँकेच्या कामाला बायांना न्यायचं, रात्री-अपरात्री बाळंतीण असली तर दवाखाना गाठायचा, हे सगळं ती करते. चालवणारी आमच्यातलीच एक ताई आहे. गावापासून तालुक्याला जायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात आम्ही आपला सामुदायिक रेडिओ लावतो. घरी रेडिओ ऐकायला बसलं की कुणीतरी हाक मारतंच. गाडीत मात्र सात-आठ जणी एका जागी, एका वेळी ऐकतात आणि ऐकलेल्यावर बोलतात. आमची निम्मी बैठक त्या गाडीतच होते म्हणा ना.

गेल्या जानेवारीत रेडिओवर सूचना लागली होती. ग्रामीण रुग्णालयात बायांच्या तपासणीचं शिबिर, स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. आमच्या गटातल्या थोरल्या अक्कांना दोन महिन्यांपासून त्रास होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हालाही कळू दिलं नव्हतं. त्यांनी सूचना ऐकली आणि तारीख मनात धरली. तेवीस तारखेला एकट्याच एसटीने गेल्या. तिथे शिबिर नव्हतं. शिबिर तेरा तारखेला झालं होतं. रेडिओवर ‘तेरा’ म्हणाले, अक्कांना ‘तेवीस’ ऐकू आलं. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना घेऊन गेलो, तपासण्या झाल्या आणि देवाच्या कृपेने काही गंभीर निघालं नाही. पण तो एक महिना अक्कांनी कसा काढला असेल, ते त्यांनाच माहीत.

मग आम्ही एकमेकींना विचारलं. त्या दिवशी गाडीत किती जणी होत्या? सात. तारीख नीट किती जणींना कळली होती? तिघींना. बाकीच्या म्हणाल्या, गाडीत आवाज मोठा असतो पण शब्द कळत नाही. नुसतं घुंघुं होतं. कळत नाही म्हटलं तर बाकीच्या हसतील, म्हणून आम्ही मान हलवतो.

मैत्रिणींनो, हे मान हलवणं आपलं फार जुनं आहे. बँकेत मान हलवायची, दवाखान्यात मान हलवायची, ग्रामसभेत मान हलवायची. निदान आपल्या स्वतःच्या गाडीत तरी ते नको, असं आम्ही ठरवलं.

आमच्या चालक ताईंनी तालुक्यातल्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने सांगितलं, स्पीकर बदला, मोठे बसवा, सोबत अ‍ॅम्प्लिफायर घ्या. आकडा सांगितला 16,500 रुपये. बैठकीत हा आकडा वाचला आणि वादाला तोंड फुटलं. एक बाजू म्हणाली, गटाचा पैसा गाण्याबजावण्याला द्यायचा नाही, त्यात दोन शेळ्या येतात. दुसरी बाजू म्हणाली, गाण्याचा प्रश्न नाही, अक्कांचा महिना गेला त्याचं काय? दोघींचंही खरं होतं. शेवटी एक मावशी बोलल्या, “दुखणं कुठं आहे ते बघितल्याबिगर औषध कशाला आणताय?” त्यावर सगळ्या गप्प झाल्या. ठराव असा झाला की पैसे खर्चण्याआधी बिघाड शोधायचा.

आमच्या एका सदस्य ताईंची मुलगी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करते. तिला बोलावलं. ती म्हणाली, आधी परीक्षा घेऊ. तिने फोनवर दहा तारखा बोलून ठेवल्या, सतरा, सत्तावीस, तेरा, तेवीस, अशा फसवणाऱ्या. पेनड्राईव्हवरून त्या गाडीत लावल्या. रस्ता तोच, वेग चाळीसचा, आवाजाचा आकडा तोच. प्रत्येकीने ऐकलं ते कागदावर लिहायचं, लिहिता येत नसेल तर शेजारणीच्या कानात सांगायचं. पहिल्या परीक्षेत बहुतेकींच्या दहातल्या सहा-सात तारखा बरोबर आल्या. अक्कांच्या चार.

मग गाडी झाडाखाली उभी केली, इंजिन बंद केलं आणि भजनाची एक कॅसेट पेनड्राईव्हवर घेतली होती ती लावली. पखवाजाचा घुमारा आला की डावीकडचं दार झर्र करून वाजायचं. पोरगी म्हणाली, दारावर तळहात दाबा. दाबला की झर्र बंद. काढला की पुन्हा सुरू. म्हणजे फाटका आवाज स्पीकरचा नव्हताच. दाराचा होता.

आता हे का होतं, ते समजून घेऊ. स्वयंपाकघरात स्टीलचं ताट हातातून निसटलं की ते झणझणत राहतं. आपण काय करतो? पटकन त्यावर हात ठेवतो. हात ठेवला की थरथर हातात जिरते आणि आवाज मरतो. गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा असाच असतो. मिलिमीटरपेक्षाही पातळ, मोठा, मधे आधार थोडा. त्याच्या आत पोकळी, मग आतला पत्रा, त्यावर प्लास्टिकचं किंवा पुठ्ठ्याचं कव्हर, ज्याला मेकॅनिक डोअर पॅड म्हणतात. स्पीकर त्या आतल्या पत्र्यावर बसवलेला. स्पीकर हलतो, त्याबरोबर पत्रा हलतो, कव्हर हलतं, क्लिपा हलतात. आपल्याला ऐकायचा असतो एक आवाज आणि ऐकू येतात चार.

दुसरी गोष्ट भोकांची. आतल्या पत्र्याला मोठी मोठी भोकं असतात, काचेचं मशीन आत घालायला आणि दुरुस्तीला. स्पीकरचा पडदा पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा ओढली जाते. मागची हवा या भोकांतून पुढे येऊन पुढच्या हवेला मिळाली की दोन्ही एकमेकींना खातात. त्यात जाड, खालचे स्वर जास्त जातात. चुलीच्या फुंकणीला चीर पडली तर कितीही फुंका, जाळापर्यंत वारा पोचत नाही. तसंच काहीसं. मग आपण आवाज वाढवतो, वाढवला की पत्रा आणखी थरथरतो, आणि शब्द आणखी हरवतो.

हे समजलं तेव्हा आमच्या लक्षात आलं की 16,500 रुपयांचे मोठे स्पीकर त्याच डबड्यात बसले असते, तर डबडं आणखी जोरात वाजलं असतं.

सगळ्यात आधी फुकटची कामं केली. ती तुम्हीही करू शकता. दाराच्या कप्प्यात सुट्टे पैसे, पाना, पाण्याची बाटली, बांगड्यांची पिशवी होती. ती काढली. नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळला. डोअर पॅडच्या चार क्लिपा तुटलेल्या होत्या, त्या 120 रुपयांत नव्या आणल्या. आणि एक मोठी चूक सापडली. डावीकडच्या स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या होत्या. अधिकची उण्याला, उण्याची अधिकला. असं झालं की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि आवाजाचं अंगच निघून जातं. हे ओळखायची साधी युक्ती पोरीने दाखवली. स्पीकर गाडीपासून सोडवायचा आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. सेलची अधिकची बाजू स्पीकरच्या अधिकच्या टोकाला लागली की पडदा बाहेर उसळतो. उलट लागली की आत जातो. यावरून स्पीकरची टोकं पक्की कळतात, मग तारा जुळवून घ्यायच्या.

एवढ्यानेच बराच फरक पडला. पण पखवाजाला दार अजून वाजत होतं.

इथे आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, आपला रेडिओवाल्यांचा रेकॉर्डिंगचा कट्टा बघितलाय ना, भिंतीला गोधड्या लावल्यात. मग दारातही जुनी लुगडी आणि बारदान कोंबू. फुकटात काम होईल. कोंबली. दोन-चार दिवस बरं वाटलं. मग गाडी पाइपने धुतली. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत उतरतंच, प्रत्येक गाडीत उतरतं. म्हणून तर दाराच्या तळाला पाणी निघून जायची बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या चिंध्यांनी ते पाणी पिऊन घेतलं आणि भोकंही बुजवली. पंधरा दिवसांत गाडीत कुबट वास यायला लागला. उघडून बघतो तर आतल्या कडेला गंजाची पिवळी रेघ. सगळं काढलं, दोन दिवस दारं उन्हात उघडी ठेवली, गंज पॉलिश पेपरने घासला आणि त्यावर गंजरोधक रंग लावला. म्हणून सांगतो, कापड, कापूस, बारदान, साधा स्पंज दारात घालू नका. पाणी धरणारं काहीही दारात नको.

आणि त्या गोधडीने आम्हाला एक फरकही शिकवला. आवाजाची तीन कामं वेगवेगळी आहेत. खोलीत आवाज घुमतो, तो शोषायला गोधडी चांगली. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नसेल तर फटी बुजवाव्या लागतात आणि जड भिंत लागते. आणि पत्रा थरथरतो ते थांबवायला पत्र्याला चिकटून बसणारं, थोडं जड, थोडं चिवट असं काहीतरी लागतं. आमचं दुखणं तिसरं होतं, औषध आम्ही पहिल्याचं दिलं.

पखवाज वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. कणकेच्या वजनाने चामड्याचा स्वर खाली येतो, भरीव होतो. पत्र्यावर चिवट थर बसवला की त्याचा टणटणाट जाऊन बद्द आवाज येतो. नातं तेच.

यासाठी बाजारात जी वस्तू मिळते तिला डॅम्पिंग शीट म्हणतात. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, दुसऱ्या बाजूला ब्यूटाइल रबराचा चिकट थर, जाडी साधारण दोन मिलिमीटर. पत्रा थरथरायला लागला की मधलं रबर ताणलं-दाबलं जातं आणि ती थरथर रबरात जिरते. घेताना ब्यूटाइलचीच घ्या. छपराच्या गळतीला लावतात तशी डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण आपल्या उन्हात ती मऊ पडते, घसरते आणि बंद गाडीत वास सोडते. आमच्या दोन पुढच्या दारांना मिळून साधारण दीड चौरस मीटर शीट लागली. एका चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास वजन होतं, म्हणजे गाडीवर चार-पाच किलोचाच भार वाढला.

आता काम कसं केलं ते क्रमाने सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं, बॅटरीची तार सोडवली. नव्या गाड्यांच्या दारात एअरबॅगचे सेन्सर असू शकतात. तसं असेल तर घरी हात लावू नका, जाणत्या मेकॅनिककडेच जा.

दुसरं, डोअर पॅड काढलं. स्क्रू लपलेले असतात, हँडलच्या मागे, कप्प्याच्या तळाला. सगळे निघाल्याशिवाय ओढायचं नाही, नाहीतर पॅड फाटतं. कुठला स्क्रू कुठला, हे कळायला पोरीने प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढला आणि स्क्रू हळदीकुंकवाच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवले.

तिसरं, पत्रा साफ केला. आधी धूळ, मग तेलकटपणा, मग स्पिरिटचा हात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून जवळपास चूल, विडी, उदबत्ती काही नको. पत्रा पूर्ण कोरडा झाला पाहिजे. ओल्या किंवा धुळीच्या पत्र्याला शीट धरत नाही.

चौथं, बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावली. बोटाने टकटक करत गेलो. जिथे टण्ण वाजतं तिथे लावायची, जिथे बद्द वाजतं तिथे गरज नाही. सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मधल्या मोकळ्या भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी टणटणाट जातो. दुकानदार पूर्ण मढवायला सांगेल, त्यात त्याचा माल खपतो. शीटची कड ब्लेडसारखी असते, हातमोजे घालाच. आमच्या एका ताईंनी घातले नाहीत आणि तळहात चिरला.

पाचवं, शीट दाबली. हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नुसती चिकटवली तर खाली हवा राहते आणि उन्हात ती सुटते. छोटा रोलर मिळतो. आमच्याकडे नव्हता, आम्ही पापडाच्या बारीक लाटण्याने दाबली. शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायची. गरम शीट चांगली बसते, म्हणून काम दुपारी उन्हात केलं.

सहावं, आतल्या पत्र्याची भोकं बंद केली. लहान भोकांवर शीटचाच तुकडा. मोठ्या भोकांवर नुसती शीट लावली तर ती मऊ पडद्यासारखी हलते, म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा स्क्रूने बसवला आणि त्यावर शीट. उद्या काचेचं मशीन बिघडलं तर तो पत्रा काढता आला पाहिजे.

सातवं, तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवली. हे दोनदा सांगतो, तळाची भोकं मोकळी ठेवा. काच वर-खाली करून बघितली, कुठे घासत नाही ना. कुलपाच्या सळईला शीट लागत नाही ना, तेही बघितलं.

आठवं, डोअर पॅड जिथे पत्र्याला टेकतं तिथे पाणी न शोषणाऱ्या फोमच्या बारीक पट्ट्या लावल्या. तारांच्या जुडग्यालाही फोम गुंडाळला. मग सगळं परत बसवलं.

दोन दारांना दोन दिवस लागले.

मग पुन्हा परीक्षा. नवी यादी, तोच रस्ता, तोच वेग. आवाजाचा आकडा आधीपेक्षा कमी ठेवला होता. बाकी सगळ्यांच्या नऊ किंवा दहा तारखा बरोबर आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग अक्कांचा कागद बघितला. सहा.

सगळ्या गप्प झाल्या. पोरीने इंजिन बंद केलं, गाडी उभी ठेवून अक्कांना एकटीलाच नवी यादी ऐकवली. आठ. शांत जागेतही दोन तारखा चुकल्या होत्या. तेव्हा अक्का रडल्या. म्हणाल्या, “दोन वर्षं झाली गं, मला नीट ऐकू येत नाही. सून म्हणेल बहिरी झाली म्हातारी, गट म्हणेल आता हिला अध्यक्ष कशाला ठेवायची. म्हणून बोलले नाही.”

बायांनो, आम्ही दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसत होतो. आम्हाला वाटायचं अक्का तुसड्या झाल्यात, विचारलं तर उत्तर देत नाहीत. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत कळलं की वयाने त्यांचं बारीक, उंच स्वरांचं ऐकणं कमी झालं आहे. स, त, फ, ख ही अक्षरं त्याच स्वरांच्या जोरावर ओळखू येतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. आज त्यांच्या कानाला यंत्र आहे आणि त्या अजून अध्यक्ष आहेत. गेल्या बैठकीत त्यांनी हिशोबातली दोनशे रुपयांची चूक ऐकून पकडली.

आता हिशोब सांगतो, कारण हिशोब सांगितल्याशिवाय गटाचं भाषण पुरं होत नाही. शीट आणि फोम 3,400. क्लिपा 120. स्पिरिट आणि हातमोजे 210. पोरीची दोन दिवसांची मजुरी 800. एकूण 4,530 रुपये. मजुरीवरूनही बैठकीत बोलणं झालं. काहीजणी म्हणाल्या, आपलीच लेक आहे, पैसे कशाला? तिची आई काही बोलली नाही, पण पोरगी बोलली. “मुलगा मेकॅनिक असता तर तुम्ही विचारलं असतं का?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ठराव झाला, मजुरी दिली, पावतीवर तिची सही घेतली. त्यानंतर तिने गावातल्या आणखी दोन गाड्यांचं हे काम केलं आहे, तेही पैसे घेऊन. यात मोठा धंदा आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण हातात विद्या असली आणि तिचा मोबदला मागायची सवय लागली, तर ती पुढे उपयोगी पडते.

जे साधलं नाही तेही सांगतो. गाडी शांत झालेली नाही. टायरचा आवाज, इंजिनचा आवाज, खडीच्या रस्त्याचा आवाज आहेच. दाराच्या कडेचं रबर कडक झालंय, त्यातून वारा शिट्टी घालतो, ते बदलायचं राहिलंय. मागचं सरकतं दारही वाजतंच. शीट लावली म्हणजे महागडी गाडी झाली असं नाही. पण आता आमच्या दारातून आवाज फाटत नाही आणि आवाज कमी ठेवूनही शब्द कळतो.

आवाज कमी ठेवणं हेही महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. आवाज जसा वाढतो तशी ही मुदत झपाट्याने कमी होते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चालवणाऱ्याला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. आणि सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या गाडीचा रेडिओ आपल्या गाडीपुरता असावा. अंगणात कुणाचं बाळ झोपलेलं असतं.

जाता जाता एक काम देतो. या आठवड्यात तुमच्या घरच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या, ज्या गाडीत बसाल त्या गाडीत आवाज फाटत असेल तर दारावर तळहात दाबून बघा. झर्र थांबलं, तर बिघाड दाराचा आहे, स्पीकरवर पैसे घालू नका. आधी कप्पा रिकामा करा, स्क्रू आवळा, तारा तपासा.

आणि दुसरं काम. घरात, गटात, शेजारी कुणी अलीकडे नुसती मान हलवत असेल, विचारलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं असं होत असेल, तर रागावू नका. जवळ बसा, तोंडासमोर बसून सावकाश बोला आणि कानाच्या तपासणीला घेऊन जा. आम्ही दार दुरुस्त करायला गेलो म्हणून आम्हाला हे कळलं, नाहीतर आणखी किती वर्षं कळलं नसतं.

पुढच्या वेळी येऊ तेव्हा उन्हाळी वाळवणाच्या पॅकिंगबद्दल बोलू. तोवर ऐकत राहा, आणि ऐकू आलं नाही तर “परत सांगा” म्हणायला लाजू नका.

नमस्कार.